रिले, सोलेनॉइड, मोटर: ट्रान्झिस्टर वाचवणारा डायोड कसा निवडायचा

श्रावण लागला की माझ्या संध्याकाळी एका मंडळाच्या हलत्या देखाव्यात जातात. पुतळ्याचा हात वर जायला गाडीच्या वायपरची मोटर, दाराची कडी ओढायला सोलेनॉइड (वीज दिली की दांडी ओढणारी कॉइल), दिव्यांना रिले (कॉइलने चालणारा स्विच) आणि या सगळ्यांना हुकूम द्यायला एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, असा आमचा सरंजाम. एका वर्षी पाचव्या दिवशी, ऐन गर्दीत, दार उघडेना. कडीचा ट्रान्झिस्टर उडाला होता. नवा घातला, तोही दोन तासांत गेला. मग बोर्ड काढून उजेडात धरला, तेव्हा दिसलं की रिलेंना डायोड होते, पण सोलेनॉइडला लावायचा राहून गेला होता. चार दिवस सगळं सुरळीत चालल्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती.

दर वर्षी नवी मुलं येतात आणि त्यांच्याही हातून हेच होतं. रुपया-दोन रुपयांचा भाग, पण तो नेमका कुठला घ्यायचा, कसा लावायचा आणि का, हे नीट कुणी सांगत नाही. ‘चार हजार सात टाक’, म्हणजे १एन ४००७ नंबरचा डायोड, एवढ्यावर भागवलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. जिथे नसतं तिथे नवा माणूस हमखास अडकतो, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आधी धक्का डोळ्यांनी बघा

१२ व्होल्टचा साधा रिले घ्या. त्याच्या कॉइलच्या दोन पायांना स्विचबोर्डच्या इंडिकेटरमधला छोटा निऑन दिवा, त्याच्या रेझिस्टरसकट, जोडा. आता कॉइलला १२ व्होल्ट द्या. निऑन ढिम्म राहील, कारण त्याला पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात. आता सप्लायची एक वायर पटकन काढा. निऑन क्षणभर लाल चमकेल. या जोडणीत १२ व्होल्टच्या वर काहीच नसताना हे ६०-९० व्होल्ट आले कुठून? उघड्या तारा हातात धरू नका, झटका लहान असला तरी दचकवतो.

कॉइलमधून करंट वाहतो तेव्हा तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. करंट एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळतं आणि करंट आहे तसा चालू ठेवायला बघतं. वाट बंद असेल तर त्या बंद वाटेवरचं व्होल्टेज वाढत जातं. किती? इंडक्टन्स गुणिले करंट बदलण्याचा वेग. समजा कॉइलचा इंडक्टन्स ०.१ हेन्री आहे आणि तिच्यातला १ अँपिअर करंट १० मायक्रोसेकंदांत शून्यावर आला, तर हिशेब १०,००० व्होल्टचा निघतो. प्रत्यक्षात तिथवर पोचत नाही, कारण त्याआधीच ट्रान्झिस्टर हार मानतो. बीसी ५४७ आणि बीसी ३३७ यांची सहनशक्ती ४५ व्होल्टची. प्रत्येक वेळी कॉइल बंद झाली की तो धक्का ट्रान्झिस्टरमध्ये जिरतो आणि कधी पहिल्याच झटक्यात, कधी चौथ्या-पाचव्या दिवशी आतला जंक्शन फुटतो. ट्रान्झिस्टर तगला तरी त्या धक्क्याने आर्डुइनो मधूनच रिसेट होतो आणि बिचारा कोडिंग करणारा रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

डायोडचं काम एवढंच की त्या करंटला फिरायला दुसरी वाट द्यायची. कॉइलच्या दोन टोकांना तो उलटा जोडायचा: पट्टीचं टोक, म्हणजे कॅथोड, प्लसकडे आणि दुसरं टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरकडे, मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) असेल तर ड्रेनकडे. ट्रान्झिस्टर चालू असताना डायोड गप्प बसतो. बंद झाला की कॉइलचा करंट डायोडमधून गोल फिरत कॉइलच्या तारेतच जिरून जातो. त्यामुळे कलेक्टरवरचं व्होल्टेज सप्लायच्या वर पाऊण-एक व्होल्टापलीकडे चढत नाही. आपल्या कॉलेजांत याला फ्रीव्हीलिंग डायोड म्हणतात, डेटाशीटमध्ये फ्लायबॅक. वस्तू एकच.

पहिली पायरी: कॉइलचा करंट काढा

मल्टिमीटर ओहमवर लावा, कॉइल मोजा, सप्लायच्या व्होल्टेजला त्या आकड्याने भागा. साखरेच्या क्यूबएवढा निळा १२ व्होल्टचा रिले साधारण ४०० ओहम दाखवतो, म्हणजे ३० मिलिअँपिअर. तसाच ५ व्होल्टचा रिले ७० ओहमच्या आसपास, म्हणजे ७० मिलिअँपिअर. आमच्या कडीचा सोलेनॉइड १५ ओहमचा होता, १२ व्होल्टला ०.८ अँपिअर.

ट्रान्झिस्टर बंद होतो त्या क्षणी डायोडमधून बरोबर हाच करंट वाहू लागतो, एक मिलिअँपिअरही जास्त नाही, आणि मग तो उतरत शून्यावर येतो. म्हणून डायोडचा करंट आकडा कॉइलच्या करंटपेक्षा मोठा असला की काम झालं. छोट्या रिलेला १एन ४१४८ पुरतो, त्याची झेप १५० ते २०० मिलिअँपिअरची आहे. सोलेनॉइडला १ अँपिअरचा १एन ४००७. दोन अँपिअर ओढणारा मोठा सोलेनॉइड असेल तर ३ अँपिअरचा १एन ५४०८. कुणी म्हणेल की ४००७ एका झटक्यापुरता ३० अँपिअर सहन करतो, मग मिनिटातून एकदा चालणाऱ्या सोलेनॉइडला ५४०८ कशाला? हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. तरी नवख्यांना मी मोठाच घ्यायला सांगतो, कारण आज मिनिटातून एकदा चालणारी कडी उद्या कुणीतरी सेकंदाला दोनदा चालवतं.

मोटरला मात्र ओहमचा हिशेब लावू नका. फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे चालताना ती बऱ्यापैकी कमी करंट घेते आणि अडकली की कित्येक पट. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेत लाल वायर घालून, प्रत्यक्ष लोडवर फिरवून मोजा.

दुसरी पायरी: व्होल्टेज, आणि इथला नेहमीचा गैरसमज

शंभर-दोनशे व्होल्टचा धक्का बसतो हे कळलं की मुलं म्हणतात, म्हणून १००० व्होल्टचा डायोड लागतो. हे चुकीचं आहे, आणि हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. डायोड असताना तो धक्का तयारच होत नाही. धक्का वर चढायला लागताच डायोड सुरू होतो आणि त्याला तिथेच धरतो. मग डायोडला उलटं व्होल्टेज कधी सोसावं लागतं? ट्रान्झिस्टर चालू असताना. तेव्हा पट्टीच्या टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला जवळपास शून्य. म्हणजे उलटं व्होल्टेज फक्त सप्लायएवढं.

मी दुप्पट धरतो. १२ व्होल्टला २५ च्या पुढचं काहीही, २४ व्होल्टला ५० चं. बॅटरीवर चालत असेल तर चार्जिंगच्या वेळी १२ व्होल्टची बॅटरी १४ च्या वर जाते हे लक्षात असू द्या. ५० व्होल्टचा १एन ४००१ या कामाला अगदी योग्य आहे. दुकानात ४००७ च सहज मिळतो, किंमतही तीच, म्हणून घ्यायचा तो. हा गैरसमज दूर झाला की ४० व्होल्टचा शॉटकी डायोड पाहून ‘हा तर उडेल’ असं वाटणं थांबतं, आणि पुढच्या पायरीवर नेमका तोच लागतो.

तिसरी पायरी: किती वेळा चालू-बंद होतं?

मिनिटातून चार वेळा खट्‌खट्‌ करणाऱ्या रिलेला कुठलाही डायोड चालतो. वायपरच्या मोटरचा वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करणं, लावला की गोष्ट बदलते. आर्डुइनो उनोच्या ९ नंबरच्या पायावर मूळचा वेग सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद असा असतो. मोटरची किणकिण ऐकू येऊ नये म्हणून लोक तो २० किलोहर्ट्झवर नेतात.

४००७ हा मेन्सच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेला डायोड. तो वाहता असताना त्याला उलटं व्होल्टेज दिलं तर तो लगेच बंद होत नाही, काही मायक्रोसेकंद उलट्या दिशेनेही वाहत राहतो. तेवढ्या काळात मॉसफेट चालू झालेला असतो आणि डायोड बंद झालेला नसतो. म्हणजे प्लसपासून ग्राउंडपर्यंत सरळ वाट. ४९० हर्ट्झला हे निभावून जातं. २० किलोहर्ट्झला एक फेराच ५० मायक्रोसेकंदांचा असतो, त्यातले काही मायक्रोसेकंद दर वेळी असे गेले की मॉसफेट आणि डायोड दोघांनाही हात लावता येत नाही इतके ते तापतात.

अशा ठिकाणी शॉटकी घ्या. त्याला हा उशीर नसतो, शिवाय त्याच्यावर पडणारं व्होल्टेज ०.३ ते ०.५ च्या आसपास, त्यामुळे तापतोही कमी. १ अँपिअरला १एन ५८१९, ३ अँपिअरला १एन ५८२२, दोन्ही ४० व्होल्टचे. ५ अँपिअर, ६० व्होल्टचा एसबी ५६० मिळतो. ४८ व्होल्टच्या सप्लायवर मात्र ४० वाले चालणार नाहीत. तिथे यूएफ ४००७ सारखा वेगवान सिलिकॉन डायोड घ्या. दिसायला आणि नावाने तो साध्या ४००७ चा भाऊ, पण ७५ नॅनोसेकंदांत बंद होतो. एफआर १०७ मधला, ५०० नॅनोसेकंदांचा.

आता एक हिशेब जो बहुतेक जण करत नाहीत. वायपरची मोटर सरासरी ४ अँपिअर घेते असं धरा. पीडब्ल्यूएम ३० टक्के. मॉसफेट ३० टक्के वेळ चालू, मग उरलेला ७० टक्के वेळ करंट कुठून जातो? डायोडमधून. ४ गुणिले ०.७, म्हणजे सरासरी २.८ अँपिअर. मोटर जितकी हळू, तितकं डायोडवर ओझं जास्त! साध्या सिलिकॉनवर १ व्होल्ट पडला तरी पावणेतीन वॅटची उष्णता होते. शॉटकीवर ०.५ व्होल्ट धरला तर १.४ वॅट. देखाव्यात मोटर तर हळूच फिरवायची असते. त्यामुळे ३ अँपिअरच्या काठावर न बसता मी सरळ तीन पायांचा मोठा शॉटकी लावतो, एमबीआर २०४५ सीटी: ४५ व्होल्ट, आतले दोन डायोड मिळून २० अँपिअर. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, असे शॉटकी निघतात. मधला पाय कॅथोड, तो प्लसला. बाजूचे दोन अ‍ॅनोड एकत्र करून ड्रेनला. मागची धातूची पाठही कॅथोडच आहे, म्हणजे हीटसिंक लावली तर तिच्यावर १२ व्होल्ट येतात. ती डब्याला टेकू देऊ नका.

मोटर उलट-सुलट दोन्ही दिशांना फिरवायची असेल तर एका डायोडने भागत नाही, कारण प्लस-मायनसच बदलतात. तिथे एच-ब्रिज, म्हणजे चार स्विचची जोडणी, लागतो आणि प्रत्येक मोटरला चार डायोड. एल २९३ डी या तयार एच-ब्रिज चिपमध्ये ते आतच असतात. एल २९८ मध्ये नसतात, बाहेरून लावावे लागतात. तयार मॉड्यूलवर ते लावलेले दिसतील.

चौथी पायरी: सुटायची घाई आहे का?

डायोडची एक किंमत मोजावी लागते. करंट हळूहळू जिरतो, म्हणून रिले सुटायलाही काही मिलिसेकंद जास्त घेतो. दिवे लावण्या-मालवण्यात हे कळतही नाही. पण रिलेचे कॉन्टॅक्ट जड लोड तोडत असतील तर ते सावकाश उघडणं वाईट, ठिणगी लांबते आणि कॉन्टॅक्ट चिकटू लागतात. आमच्या देखाव्यात नगाऱ्याची टिपरी सोलेनॉइडवर होती. डायोड लावल्यावर तिचा ठेका चुकायला लागला, टिपरी वेळेत मागे येईना.

उपाय झेनरचा, म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या वर उलट्या दिशेनेही वाहणाऱ्या डायोडचा. डायोडच्या ओळीत एक झेनर घाला, दोघांच्या पट्ट्या एकमेकांकडे तोंड करून. डायोडचं बिनपट्टीचं टोक कलेक्टरला, झेनरचं बिनपट्टीचं टोक प्लसला. आता करंटला झेनरचं व्होल्टेज ओलांडून जावं लागतं, म्हणून तो झपाट्याने जिरतो. पण कलेक्टरवरचं व्होल्टेजही तितकंच वर जातं: सप्लाय अधिक झेनर अधिक डायोडचे ०.७. बीसी ३३७ वर १२ व्होल्टचा रिले आणि २४ व्होल्टचा झेनर असेल तर ३७ च्या आसपास, ४५ च्या आत. ३६ व्होल्टचा झेनर घातलात तर ४८ च्या पुढे, ट्रान्झिस्टर गेला. नगाऱ्याच्या टिपरीला आम्ही १०० व्होल्टचा टीआयपी १२२ आणि २४ व्होल्टचा ५ वॅटचा झेनर लावला, मग ठेका जमला. वॅट मोठे घेतले कारण प्रत्येक ठोक्याची बरीचशी ऊर्जा आता झेनरमध्ये जिरते. घाई नसेल तर या फंदात पडू नका, नुसता डायोड चांगला.

खरेदी

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. जाताना चिठ्ठी लिहून न्या, नंबर पूर्ण लिहा. गेल्या वर्षी आमच्यातला एक मुलगा काउंटरवर म्हणाला, ‘काका, मोटरला लावायचा डायोड द्या.’ काकांनी विचारलं, ‘किती अँपिअरचा? साधा की फास्ट?’ पोरगं गप्प. रिकाम्या हाताने परत आलं आणि मग माझ्याबरोबर बसून वरचा सगळा हिशेब केला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत होतं: ४००७ दहा, ५८१९ पाच, २०४५ सीटी दोन. पाच मिनिटांत काम.

घरी आल्यावर प्रत्येक डायोड मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासा. सिलिकॉन ०.५ ते ०.७ दाखवतो, शॉटकी ०.१५ ते ०.३५. उलटा धरल्यावर दोन्ही काही दाखवत नाहीत. लावण्याआधीच तपासा. एकदा कॉइलला जोडला की मीटरला दोन्ही बाजूंनी कॉइलच दिसते.

लावताना

उलटा लावलेला डायोड हा नसलेल्या डायोडपेक्षा वाईट. ट्रान्झिस्टर चालू झाला की प्लसपासून डायोडमधून ट्रान्झिस्टरमधून थेट ग्राउंड, आणि फ्यूजच्या आधी ट्रान्झिस्टर जातो. म्हणून पहिल्यांदा सप्लाय देताना प्लसच्या वायरमध्ये गाडीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा ओळीत घाला. डायोड उलटा असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि करंट ०.४ अँपिअरच्या आत राहील. सोलेनॉइडला एवढ्यात ओढता येणार नाही, तो दिवा मंद दाखवेल, ते ठीक.

डायोड कॉइलवर लावायचा की बोर्डावर? देखाव्यात वायर दहा-पंधरा मीटर जाते. सोलेनॉइडला प्लस-मायनस नसतो, त्यामुळे घाईत मांडवात कुणीतरी दोन वायरी अदलाबदल करतंच. डायोड सोलेनॉइडवर असेल तर तो त्या क्षणी उलटा झाला. म्हणून मी बोर्डावर, बाहेर जाणाऱ्या टर्मिनलपाशी लावतो. तिथे तो वायरीचा स्वतःचा इंडक्टन्सही सांभाळतो. पीडब्ल्यूएमच्या मोटरला तर डायोड मॉसफेटला खेटून हवा आणि जवळच सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. झटपट बदलणारा करंट मॉसफेट, डायोड आणि कपॅसिटर यांच्यातल्या वेटोळ्यात फिरतो, ते वेटोळं जितकं छोटं तितकं चांगलं.

यूएलएन २००३ ही सात ट्रान्झिस्टर-स्विचची चिप वापरत असाल तर आत सात डायोड आहेतच, पण त्यांची कॅथोड टोकं ९ नंबरच्या पायावर आणून सोडलेली असतात. तो पाय रिलेच्या प्लसला जोडला नाही तर सातही डायोड बिनकामाचे. मी पाहिलेल्या बिघडलेल्या बोर्डांत ही चूक फार वेळा सापडली. मॉसफेटमध्येही एक डायोड असतो, पण तो ड्रेन आणि सोर्स यांच्यात. कॉइलच्या करंटला तो परतीची वाट देत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

एसीला हा डायोड कधीच नाही

२३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या रिलेच्या) कॉइलला किंवा २४ व्होल्ट एसीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला डायोड लावला तर दर दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात तो शॉर्ट होतो. तिथे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (थेट मेन्सवर लावायला बनवलेला) कपॅसिटर ओळीत घालून ती जोडी कॉइलच्या दोन टोकांना लावतात. २३० व्होल्टला कपॅसिटर एक्स-२ च हवा, साधा नको, आणि हात घालण्याआधी मेन स्विच बंद.

रिलेच्या कॉइलवरचा डायोड फक्त ती कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर वाचवतो. त्याच रिलेच्या कॉन्टॅक्टवर पंखा किंवा पंप असेल तर त्याचा धक्का वेगळा आणि त्याची वाटही वेगळी करावी लागते. आमच्या कारंज्याचा पंप बंद झाला की आर्डुइनो रिसेट व्हायचा, कॉइलवर डायोड असूनही. पंपाच्या दोन टोकांना हीच रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावली, आणि विसर्जनापर्यंत तो एकदाही अडला नाही.